रिकाम्या बिछान्याचे भाडे

गतवर्षी आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका सायंकाळच्या मिस्सानंतर माझ्या कचेरीत आल्या. गावातील दोन पिढ्या त्यांना 'बाई' या एकाच नावाने ओळखतात. येथेही आपण त्यांना बाईच म्हणू. त्यांनी पिशवीतून एक रंगीत पत्रक काढले, घड्या सरळ केल्या आणि ते माझ्यापुढे ठेवले. मुंबईहून निघून लक्षद्वीपाच्या बेटांना भेट देऊन परतणाऱ्या एका प्रवासी जहाजाची ती जाहिरात होती. प्रवास पाच रात्रींचा होता.

"फादर, मला जायचे आहे. एकटीने," त्या म्हणाल्या.

मी काय उत्तर दिले ते सांगावयास संकोच वाटतो, तथापि सांगितलेच पाहिजे. मी म्हणालो, "भाचीला सोबत न्या. नाही तर मे महिन्यात आपली वेलंकणीची यात्रा आहेच."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. "वेलंकणीला मी चार वेळा जाऊन आले, फादर. आणि भाचीला नेले तर पाचही दिवस मी भाचीलाच सांभाळत बसेन." मग थोड्या वेळाने त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचे यजमान पोस्टखात्यात होते. निवृत्तीनंतर दोघांनी एकदा आगबोटीने समुद्र पाहावयाचा, असे त्यांचे ठरले होते. निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी यजमानांना देवाज्ञा झाली. त्या गोष्टीला आता दोन वर्षे होऊन गेली होती.

वाचकहो, मी जे बोललो तो सल्ला नव्हता. विधवेने कोठे जावे आणि कोणाबरोबर जावे याविषयी आपल्या समाजाने फार पूर्वी ठरवून ठेवलेले ते उत्तर होते, आणि मी ते विचार न करता पुढे केले होते. बाईंच्या दोन्ही मुलांच्या हरकती माझ्यापेक्षा अधिक विचाराच्या होत्या. थोरल्याचे म्हणणे असे की, एकट्या माणसाकडून ही कंपनी जवळजवळ दोघांचे पैसे घेते. धाकटा म्हणाला, "आई, या कंपनीचे नाव तरी कुणी ऐकले आहे का?" खर्च आणि विश्वास, हे दोनच प्रश्न होते. त्यांची उत्तरे शोधावयाचे आम्ही ठरविले. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडीत आहे; कारण प्रत्येक धर्मग्रामात अशा बाई असतात, आणि असे गृहस्थही असतात.

भाडे माणसाचे की खोलीचे?

जहाजाच्या जाहिरातीत मोठ्या आकड्यांत छापलेला दर माणशी असतो हे खरे. परंतु त्याखाली बारीक अक्षरांत एक अट असते. एका केबिनमध्ये दोघे राहतील असे गृहीत धरून तो दर काढलेला असतो. एकट्याने केबिन घेतल्यास दुसऱ्या बिछान्याचे भाडेही बव्हंशी त्यालाच भरावे लागते. या जादा आकारास 'सिंगल सप्लिमेंट' म्हणतात. काही कंपन्या दीडपट घेतात, पुष्कळ कंपन्या सरळ दुप्पट घेतात.

यामागील व्यापारी हिशेब समजून घेतला म्हणजे राग थोडा कमी होतो. जहाजावरील केबिनांची संख्या कायमची ठरलेली असते. हॉटेलाप्रमाणे आणखी एक मजला चढविता येत नाही. शिवाय कंपनीची मिळकत केवळ तिकिटावर नसते. पेये, दुकाने, किनाऱ्यावरील सहली यांवर प्रत्येक प्रवासी आणखी खर्च करतो. एका केबिनमध्ये एकच माणूस आला की ती दुसरी मिळकतही बुडते. बंदराचे कर व नोकरवर्गाची बक्षिसी मात्र सामान्यतः डोईमागे असते. म्हणून एकट्या प्रवाशाने भाडे, कर आणि बक्षिसी या तिन्ही रकमा एजंटाकडून निरनिराळ्या लिहून घ्याव्यात. तिन्ही एकत्र करून दुप्पट केल्या असतील तर तेथेच विचारावे.

आपल्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब विचित्र वाटेल. कोकणकिनाऱ्याच्या जुन्या आगबोटींवर गरिबाचा प्रवास डेकवर होत असे. वळकटी पसरली की तेवढी जागा आपली. भाडे माणसाचे होते, खोलीचे नव्हते. आणि शेजारच्या वळकटीवरील कुटुंबाने भाकरी सोडली की एकट्या उतारूला एकटे जेवू देत नसत.

अलीकडे मात्र एकट्यांचाही विचार होऊ लागला आहे. २०१० साली समुद्रावर आलेल्या 'नॉर्वेजियन एपिक' या प्रचंड जहाजावर १२८ लहान केबिना एकट्या प्रवाशांसाठीच बांधल्या होत्या. प्रत्येक सुमारे १०० चौरस फुटांची. बाहेर समुद्राकडे खिडकी नाही, परंतु त्या केबिनांतील लोकांसाठी बसण्याउठण्याचा एक स्वतंत्र दिवाणखाना आहे. त्यानंतर इतर कंपन्यांनीही तसे केले. अशा केबिना थोड्या असतात आणि सर्वांत आधी विकल्या जातात. त्यांचा दर कधीकधी दोघांच्या केबिनच्या दुप्पट भाड्याजवळ जाऊन पोचतो, म्हणून नावावर न भुलता दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहावेत. सुट्या नसलेल्या दिवसांत जादा आकार पुष्कळदा उतरतो. ज्याला शाळा नाही व कचेरी नाही त्याने त्याचा फायदा घ्यावा.

बाईंच्या जहाजावर एकट्यासाठी अशी केबिन नव्हती. तिकीट पावणेदोन पट पडत होते. मी तो आकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि गप्प राहिलो. बाई म्हणाल्या, "फादर, रिकाम्या बिछान्याचे भाडे मी घरी दोन वर्षे भरतेच आहे. त्यात पाच रात्री आणखी." त्यानंतर खर्चाचा प्रश्न मी पुन्हा काढला नाही.

कागद पाहावेत, चित्रे पाहू नयेत

दुसरा प्रश्न कठीण होता. अनोळखी कंपनी चांगली की वाईट हे कसे ओळखावे? जाहिरातीतील निळे पाणी व हसरे चेहरे सर्वांचे सारखेच असतात.

पहिली गोष्ट ही की, जहाजाचे नाव हा त्याचा खरा परिचय नव्हे. जहाजे विकली जातात आणि नवा मालक नवे नाव रंगवितो. २०१९ च्या एप्रिलात मुंबईत 'जलेश' नावाच्या नव्या कंपनीने 'कर्णिका' हे जहाज आणले, ते अनेकांस आठवत असेल. हे जहाज १९९० साली इटलीत 'क्राउन प्रिन्सेस' या नावाने बांधले गेले होते, आणि 'कर्णिका' होण्यापूर्वी त्याने आणखी चार नावे घेतली होती. नावे कितीही बदलली तरी प्रत्येक जहाजाला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीप्रमाणे सात आकड्यांचा एक क्रमांक असतो, आणि तो जहाज मोडीत निघेपर्यंत बदलत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील नोंदीप्रमाणे तो कायम राहतो. हा क्रमांक कंपनीकडून मागून घ्यावा. 'इक्वासिस' नावाच्या विनामूल्य माहितीस्थळावर नाव नोंदवून तो घातला की जहाज केव्हा बांधले, मालक कोण, कोणत्या देशाचा झेंडा आहे आणि बंदरांतील तपासण्यांत काय दोष आढळले, हे पाहता येते. घरातील कोणताही कॉलेजचा विद्यार्थी हे काम पंधरा मिनिटांत करून देईल.

झेंडा पाहून दचकू नये. पुष्कळ प्रवासी जहाजांवर बहामा, पनामा किंवा माल्टा यांचे झेंडे असतात. कर आणि नोकरीचे कायदे यांच्या सोयीसाठी मालक तेथे नोंदणी करतात. परंतु ज्या बंदरात जहाज लागते त्या देशाचे अधिकारी त्यावर चढून तपासणी करू शकतात, दोष गंभीर असल्यास ते अडकवूनही ठेवू शकतात. हिंदी महासागरातील देशांचा त्याविषयी करार आहे व भारत त्यात सामील आहे. तेव्हा झेंड्यापेक्षा तपासणीचा इतिहास महत्त्वाचा. बाईंचे जहाज तीस वर्षांहून जुने निघाले. मुलगा चिंतेत पडला. परंतु तपासण्यांत किरकोळ दोषांखेरीज काही नव्हते आणि जहाज अडकवून ठेवल्याची नोंद नव्हती. नीट निगा राखलेली जुनी विहीर हेळसांड झालेल्या नव्या नळापेक्षा बरी.

दुसरी गोष्ट पैशाची. वर सांगितलेली 'जलेश' कंपनी २०२० च्या ऑक्टोबरात बंद झाली आणि त्याच वर्षी 'कर्णिका' गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. त्या वर्षी कोरोनाच्या साथीने जगभरची प्रवासी जहाजे नांगरून पडली होती. मोठ्या कंपन्या कर्ज काढून तगल्या, नव्या कंपनीची गंगाजळी तेवढी खोल नसते. त्यावरून बोध एवढाच घ्यावा की, नव्या कंपनीला सर्व रक्कम सहा महिने आधी देऊ नये. ठेव भरून उरलेले शेवटच्या मुदतीस भरावेत. पैसे रोख न देता क्रेडिट कार्डाने भरावेत, म्हणजे सेवा न मिळाल्यास बँकेकडे हरकत नोंदविता येते. आणि तिकिटाच्या अटी वाचाव्यात: रद्द केल्यास किती परत मिळेल, जहाजाने एखादे बंदर टाळल्यास काय, तक्रार कोणत्या गावच्या न्यायालयात चालेल.

तिसरी गोष्ट प्रकृतीची. जहाजावर डॉक्टर असतो, परंतु तो फुकट तपासत नाही. समुद्रातून आजाऱ्याला जमिनीवर हलविण्याचा खर्च प्रचंड असतो. प्रवासविम्यात तो धरला आहे की नाही हे लेखी पाहावे. औषधे हातातील पिशवीत ठेवावीत, कारण मोठे सामान केबिनमध्ये पोचावयास काही तास लागतात. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर केबिन मागावी. झोपाळ्याची कडी कमी हलते आणि पाट जास्त हलतो, तसेच जहाजाचे आहे. टोकांस व वर हेलकावा अधिक असतो.

एकट्याची हजेरी

फेब्रुवारीच्या एका दुपारी बाई बॅलार्ड पिअरला जहाजावर चढल्या. पुढील हकीकत त्यांनी परतल्यावर सांगितली, तशी देतो.

केबिनमध्ये दोन बिछाने होते. सासष्टीचा एक तरुण स्टुअर्ड चादरी नीट करीत होता. त्याने कोंकणीत विचारले, दुसरा बिछाना काढून ठेवू का, म्हणजे जागा मोकळी होईल. बाई म्हणाल्या, "राहू दे. पैसे भरले आहेत." तो हसला, त्याही हसल्या.

जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेची कवायत झाली. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की आपापल्या ठरलेल्या जागी जमावयाचे, लाइफ जॅकेट कसे बांधावयाचे ते शिकावयाचे. पुष्कळ प्रवासी या वेळी कंटाळतात. त्यांना तो नियम कसा झाला हे ठाऊक नसते. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली. तो दिवस रायगड जिल्ह्यातील अनेक घरांत अजून विसरलेला नाही. आणि १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून ३२ जण दगावले, त्या दिवशीच चढलेल्या प्रवाशांची कवायत अद्याप झालीच नव्हती; नियमाप्रमाणे चोवीस तासांची मुदत होती. २०१५ पासून ती मुदत काढून टाकण्यात आली. आता कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच झाली पाहिजे.

बाईंनी आयुष्यभर हजेरी घेतली होती. आपल्या नावापुढे खूण होताना त्यांना बरे वाटले. त्यांनी जे म्हटले ते मला विशेष वाटले: "दोघांपैकी एक दिसला नाही तर दुसरा शोधतो. एकट्याला शोधणारी ती यादीच." म्हणूनच एकट्याने कवायत कधी चुकवू नये. आपल्या मजल्याच्या स्टुअर्डाशी रोज दोन शब्द बोलावेत. घरी जहाजाचे नाव, केबिनचा क्रमांक व बंदरांच्या वेळा लिहून ठेवाव्यात आणि फोन केव्हा करणार ते सांगावे. समुद्रावर फोन लागत नाही, त्यामुळे घरच्यांचा जीव उगीच टांगणीला लागतो.

पहिल्या रात्रीचे जेवण बाईंना जड गेले. त्यांना दोघांच्या टेबलापाशी बसविले आणि वाढप्याने समोरची थाळी, काटा, चमचा सारे उचलून नेले. "ताट उचलले की मला घरची आठवण झाली," एवढेच त्या बोलल्या. रात्री त्या लवकर केबिनमध्ये गेल्या आणि जपमाळ करून झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी भोजनगृहाच्या मुख्य माणसास गाठले आणि मोठ्या टेबलावर जागा मागितली. ती मिळाली. त्या टेबलावर वडोदऱ्याच्या दोघी बहिणी होत्या, इंदूरचे एक निवृत्त बँक कारकून होते आणि तेही एकटेच होते. मराठीत बोलणे सुरू झाले आणि पुढच्या चारही रात्री ते टेबल सर्वांत शेवटी उठले. ही जागा मागावी लागते, आपोआप मिळत नाही. एकट्या माणसाला एकटे बसावयाचे असेल असे वाढप्याला वाटते, आणि आपल्याला कोणी विचारीत नाही असे त्या माणसाला वाटते.

पडाव आणि जहाज

लक्षद्वीपाच्या बेटांभोवती प्रवाळाचे कडे व उथळ पाणी असते. मोठे जहाज आत जाऊ शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते व उतारूंना लहान बोटींतून बेटावर नेतात. त्या दिवशी वारा होता. जहाजाच्या बाजूच्या दारात बाई उभ्या राहिल्या आणि समोरची बोट हातभर वर येत होती, हातभर खाली जात होती. मागे रांग होती. परत फिरावे असे त्यांना वाटले.

तेव्हा त्यांना आपल्या आईची गोष्ट आठवली. वेंगुर्ल्याला आगबोट धक्क्याला लागत नसे. पडावातून जाऊन बोटीवर चढावे लागे. आई सांगे की, पडाव वर आला की पाय टाकावा, खाली जाताना कधी टाकू नये. समोरचा खलाशी तेच सांगत होता. त्याने त्यांचे मनगट धरले, त्यांना त्याचे मनगट धरावयास लावले. कारण बोटात बोट अडकविले तर सुटते, मनगटाला मनगट सुटत नाही. बोट वर आली आणि बाईंनी पाऊल टाकले. ज्यांचे गुडघे अधू आहेत त्यांनी असे करू नये, जहाजावर राहावे. त्यात कमीपणा नाही. परंतु बाईंचे गुडघे चांगले होते. त्यांना केवळ भीती वाटली होती, आणि ती भीती घालवावयास शेजारी आपले माणूस नव्हते. खलाशाचा हात पुरेसा झाला.

परतीच्या रात्री त्यांनी स्टुअर्डाची विचारपूस केली. त्याचा करार नऊ महिन्यांचा होता आणि त्यातील सहा झाले होते. घरी दोन वर्षांची मुलगी. सागरी कामगारांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये अमलात आला. त्याप्रमाणे चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे असा नियम आहे. पण घराची ओढ नियमाने भागत नाही. गोव्याच्या खलाशांनी पूर्वी मुंबईत धोबीतलाव भागात गावागावांच्या 'कूड' उभारल्या त्या यासाठीच: जहाज मिळेपर्यंत राहावयास जागा, एक वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ. त्याच भावनेने १९२० साली ग्लासगो येथे दर्यावर्दींसाठी ख्रिस्तसभेचे कार्य सुरू झाले. आज ते 'स्टेला मॅरिस' या नावाने जगभरच्या बंदरांत चालते. आपण पाच रात्री एकटे असतो म्हणून मन कष्टी होते, आणि आपला बिछाना घालणारा नऊ महिने एकटा असतो. बाईंनी त्याच्या मुलीसाठी बेटावर घेतलेली शिंपल्यांची माळ त्याच्या हाती दिली. बक्षिसीचे पाकीट दिले ते वेगळे.

मी विचारले, "आणि तो दुसरा बिछाना?"

"पहिल्या रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपले," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या दिवसापासून त्यावर माझी शाल, पुस्तक, टोपी असे सगळे पसरून ठेवले. यजमान असते तर रागावले असते. त्यांना पसारा चालत नसे."

जावयास उठताना त्यांनी पिशवीतून तेच रंगीत पत्रक पुन्हा काढले. घड्यांवर ते आता फाटत आले होते. जहाजाचा सात आकडी क्रमांक, एजंटाने लिहून दिलेल्या तीन रकमा आणि टेबलावर भेटलेल्या मंडळींचे पत्ते त्यावर पेन्सिलीने टिपलेले होते.

"हे कचेरीत राहू द्या, फादर," त्या म्हणाल्या. "माझ्यासारखे कुणी विचारायला आले तर दाखवा. आणि एक विनंती. आधी वेलंकणी सांगू नका."